प्रीमो लेवी यांच्या ‘ला त्रेगुआ’मधील बाजार : विध्वंसानंतरची देवघेव आणि परक्यावरचा विश्वास

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पोलंड आणि त्याच्या पूर्वेकडील विस्तीर्ण प्रदेशात राज्यसंस्था नावाची गोष्ट जवळजवळ उरली नव्हती. जुनी सत्ता पळून गेली होती, नवी सत्ता सैन्याच्या गणवेशात येत होती. नोटांवर लोकांचा भरवसा नव्हता, रेल्वे धावत होती पण ती कोठे जाणार हे चालकालाही ठाऊक नसे. रस्त्यांवर सुटलेले कैदी, वेठीला धरून नेलेले मजूर, निर्वासित आणि घराकडे निघालेले सैनिक यांची गर्दी होती. यांपैकी बहुतेकांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि उद्या तोच माणूस पुन्हा भेटेल याची कोणतीच शाश्वती नव्हती. अशा स्थितीत दोन अनोळखी माणसांमध्ये पहिला व्यवहार कसा घडतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे तितकाच साहित्याचाही आहे. किंबहुना अर्थशास्त्राने जो क्षण गृहीत धरला, तो साहित्याने तपशिलात नोंदवला असे म्हणता येईल.

इटालियन लेखक प्रीमो लेवी (१९१९–१९८७) यांचे ‘ला त्रेगुआ’ हे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्याला कांपिएल्लो पुरस्कार मिळाला आणि १९६५ साली स्टुअर्ट वुल्फ यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद ‘द ट्रूस’ या नावाने आला. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य ऑश्विट्झच्या मोनोविट्झ छावणीत पोहोचले, तेथून १९ ऑक्टोबर १९४५ रोजी लेवी तुरिनमधील आपल्या घरी परतले, तोपर्यंतच्या सुमारे नऊ महिन्यांची ही हकीकत आहे. पहिल्या पुस्तकातील काळोखानंतरचा उजेड, नाना तऱ्हेच्या माणसांनी भरलेले प्रवासवर्णन, असे त्याचे वर्णन सर्रास केले जाते. त्यातील खरेदी-विक्रीचे प्रसंग बहुधा विनोदी म्हणून वाचले जातात. हे वाचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. या पुस्तकात बाजार हा विरंगुळा म्हणून येत नाही. माणसांमधील विश्वास पूर्ण नष्ट झाल्यावर तो पुन्हा कोणत्या टप्प्याने उगवतो, किंवा उगवत नाही, याची चाचणी लेवी बाजारातच घेतात.

छावणीतील बाजार

‘ला त्रेगुआ’मधील बाजार समजून घ्यायचा तर आधी ‘से क्वेस्तो ए उन उओमो’ (१९४७) या लेवींच्या पहिल्या पुस्तकातील बाजार पाहावा लागतो. तेथील एक संपूर्ण प्रकरण छावणीतील चोरट्या व्यापाराला वाहिलेले आहे. हा बाजार एसएस पहारेकऱ्यांच्या बराकींपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात भरे. पाव हे तेथील चलन. सदरा, सूप, माहोर्का नावाची हलकी तंबाखू, चांगल्या कामाबद्दल मिळणाऱ्या बक्षिसाच्या चिठ्ठ्या, या सर्वांचे भाव रोज वरखाली होत. लेवी हे सारे रसायनशास्त्रज्ञाच्या अलिप्ततेने नोंदवतात आणि शेवटी वाचकालाच विचारतात की, अशा ठिकाणी ‘चांगले’, ‘वाईट’, ‘न्याय’ या शब्दांपैकी किती उरतात.

याच काळातील दुसरा एक दस्तऐवज येथे शेजारी ठेवण्यासारखा आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर. ए. रॅडफर्ड यांचा युद्धकैद्यांच्या छावणीतील अर्थव्यवस्थेवरचा लेख नोव्हेंबर १९४५ मध्ये ‘इकॉनॉमिका’ या नियतकालिकात आला. सिगारेट चलन कशी बनली, भाव कसे स्थिरावले, मधल्या दलालांवर लोकांचा राग का होता, हे त्यांनी स्वतःच्या कैदेतील अनुभवावरून मांडले. अर्थशास्त्राच्या वर्गांत हा लेख आजही शिकवला जातो. रॅडफर्ड यांनी सांगितलेली एक गोष्ट भारतीय वाचकाचे लक्ष वेधून घेते. छावणीतील शीख कैद्यांकडे असलेले मांस विकत घ्यायचे आणि त्यांना लोणी व जॅम विकायचे, हा धंदा एका कैद्याने आपल्याला येणाऱ्या उर्दूच्या बळावर सुरू केला. पुढे इतरही त्यात शिरले, भावातील तफावत कमी झाली, तरीही भारतीय विभागात ओळखीचा माणूस असणे अखेरपर्यंत मोलाचे राहिले, कारण भाषेची भिंत पूर्णपणे कधीच पडली नाही.

रॅडफर्ड यांच्या लेखाचे सौंदर्य त्याच्या स्वच्छतेत आहे आणि त्याची मर्यादाही तेथेच आहे. त्यांच्या छावणीत रेडक्रॉसची पार्सले प्रत्येकाला सारखी मिळत. सर्वांच्या हाती सारखेच असल्याने देवघेव आवडीनिवडीतून सुरू झाली. कोणाला सिगारेट नको, कोणाला चीज नको. शिवाय फसवणारा उद्या त्याच तारेच्या कुंपणात दिसणार होता, म्हणजे प्रत्येकाची पत सर्वांना ठाऊक होती. मोनोविट्झमध्ये सदरा विकणारा अनेकदा स्वतःच्या अंगावरचा सदरा विकत असे, आणि घेणारा पुढच्या आठवड्यात जिवंत असेल की नाही हे दोघांनाही माहीत नसे. रॅडफर्ड बाजार कसा परिपूर्ण होत जातो ते दाखवतात. बाजार चालू असतानाही समाज कसा नसतो, ते लेवी दाखवतात. ‘ला त्रेगुआ’ या दुसऱ्या निरीक्षणापासून पुढे निघते.

जोडे, पोते आणि करार

पुस्तकातील तिसरे प्रकरण ‘ग्रीक’ या नावाचे आहे. सॅलोनिकाचा मोर्दो नाहुम लेवींना छावणी सोडताना भेटतो आणि काही दिवस त्यांचा सोबती, धनी आणि गुरू बनतो. त्याच्यापाशी एक अवजड पोते आहे. लेवींपाशी फक्त वाटेतच फाटून गेलेले जोडे आहेत. ज्याच्या पायात जोडे नाहीत तो मूर्ख, असा निवाडा ग्रीक लगेच देतो. त्याचा युक्तिवाद असा की, युद्धात आधी जोड्यांचा विचार करावा, मग अन्नाचा. जोडे असणारा माणूस हिंडून अन्न मिळवू शकतो, अन्न असणाऱ्याला जोडे मिळतीलच असे नाही. युद्ध तर संपले, असे लेवी म्हणून पाहतात. ग्रीकाला ते मान्य नाही. त्याच्या मते युद्ध कायमच चालू असते.

या दोघांमधील नाते मैत्रीने सुरू होत नाही, दयेने तर नाहीच. ते कराराने सुरू होते. पोते ग्रीकाचे, पाठ लेवींची. ग्रीकाचे डोके आणि माल, लेवींचे कष्ट आणि भाषा. ही वाटणी न्याय्य आहे का, असा प्रश्न लेवींना पडतो, पण ते ती मोडत नाहीत. येथे थॉमस हॉब्ज यांच्या ‘लेव्हायथन’ (१६५१) या ग्रंथातील एक अडचण आठवते. ज्या ठिकाणी करार पाळायला लावणारी सत्ता नाही, तेथे आपला वाटा आधी पुरा करणाऱ्याला दुसरा आपला वाटा पुरा करील याची काहीच हमी नसते. हॉब्ज यांचे उत्तर राज्यसंस्था हे होते. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये क्राकुवच्या रस्त्यावर असे उत्तर उपलब्ध नव्हते. तेथे मोर्दो नाहुमचे उत्तर होते. व्यवहार लहान ठेवायचा, रोज ठेवायचा आणि प्रत्येकाने रोज काहीतरी घालायचे. लेवी पळून गेले तर पोते उचलायला कोणी नाही, ग्रीक पळाला तर लेवी उपाशी. परस्परांची गरज हाच त्यांचा इसार.

क्राकुवमध्ये गरिबांसाठी चालवलेल्या अन्नछत्राची वाट लेवी एका धर्मगुरूला विचारतात, आणि दोघांना समान अशी एकही जिवंत भाषा नसल्याने ती लॅटिनमध्ये विचारतात. शाळेत परीक्षेपुरती शिकलेली मृत भाषा एका भुकेल्या माणसाला जेवणापर्यंत नेते, हा प्रसंग पुस्तकातील सर्वांत प्रसन्न प्रसंगांपैकी एक आहे. मात्र तेथेही लेवी भावुक होत नाहीत. धर्मगुरूची लॅटिन म्हणजे त्याची पत, तिच्यामुळे समोरचा परका माणूस काही क्षण ओळखीचा ठरला, इतकेच ते सुचवतात.

याच्या नेमकी उलट घटना त्शेबिन्या स्थानकावर घडते. छावणीतील पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतील लेवींभोवती लोक जमतात. फ्रेंच आणि जर्मन जाणणारा एक पोलिश वकील दुभाषी होतो. लेवी आपल्यावर काय गुदरले ते घाईघाईने सांगू लागतात. पण वकील गर्दीला सांगतो की हा इटालियन राजकीय कैदी आहे; ज्यू हा शब्द तो गाळतो. का, असे विचारल्यावर, ते तुमच्याच भल्याचे आहे, युद्ध अजून संपलेले नाही, असे तो उत्तर देतो. ग्रीकाचाच सिद्धांत येथे एका सभ्य, सहानुभूतीने वागणाऱ्या माणसाच्या तोंडून येतो. वकील खोटे बोलतो ते लेवींच्या बाजूने, आणि तरीही ते ऐकताना लेवींच्या अंगातील बळ जाते. परक्याला गर्दीत सुरक्षित ठेवण्यासाठी त्याची ओळख पुसावी लागते, हा या प्रसंगाचा अर्थ. ४ जुलै १९४६ रोजी किएल्त्से शहरात जमावाने चाळीसहून अधिक ज्यूंना ठार केले. वकिलाचा अंदाज अवास्तव नव्हता.

सहा बशा आणि एक कोंबडी

पुढे जुलैच्या उन्हात स्लुत्स्कहून स्तारिये दोरोगीकडे सुमारे सत्तर किलोमीटर चालत जाण्याची वेळ येते. वाटेत लेवी, त्यांचा रोमन सोबती चेझारे आणि काही जण मागे राहतात. चेझारेला कोंबडी खायची इच्छा होते आणि मोबदल्यात देण्यासारख्या त्यांच्यापाशी सहा बशा आहेत. गावकरी रात्री आलेल्या परक्यांना घाबरून आहेत. कोंबडीला रशियन भाषेत काय म्हणतात हे कोणालाच ठाऊक नाही. चेझारे जमीन उकरतो, आरवतो, पंख फडफडवतो. गावकऱ्यांना तो वेडा वाटतो. शेवटी लेवी मातीत कोंबडीचे चित्र काढतात आणि शंका राहू नये म्हणून तिच्यामागे एक अंडेही काढतात. एका म्हातारीच्या ध्यानात ते येते, ती आनंदाने तो शब्द उच्चारते आणि सौदा पार पडतो.

वरवर पाहता हा प्रहसनाचा प्रसंग आहे. पण त्याची रचना काळजीपूर्वक पाहिली तर व्यवहाराच्या अगदी मुळाशी काय लागते, ते त्यात उघडे होते. येथे वचन नाही, उधारी नाही, पुन्हा भेट नाही. बशा या हाताने, कोंबडी त्या हाताने. हॉब्ज यांची अडचण येथे उद्भवतच नाही, कारण आधी आणि नंतर यांत अंतरच नाही. मग विश्वास कोठे आहे? तो मातीतल्या चित्रात आहे. हे लोक लुटायला आलेले नाहीत, देऊन घ्यायला आले आहेत, हे त्या चित्राने सांगितले. सशस्त्र लुटारू चित्र काढत बसत नाही. मागण्याची पद्धत हीच येथे ओळखपत्र ठरते. मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये भेटवस्तूंवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात देण्याघेण्याच्या मागील बंधनांचा विचार केला होता. लेवींच्या या प्रसंगात बंधन निर्माण होण्याच्या आधीचा क्षण दिसतो. समोरचा माणूस काहीतरी सांगू पाहतो आहे एवढेच कळण्याचा तो क्षण. आणि म्हातारीचा आनंद कोंबडीची किंमत मिळाल्याचा नाही, कोडे सुटल्याचा आहे. लेवींनी हे निरीक्षण निसटू दिलेले नाही.

चेझारेचे हातचलाखीचे व्यापार

चेझारे हा या पुस्तकातील वाचकांचा सर्वांत लाडका नायक. त्याच्यावर लेवींचेही निस्सीम प्रेम आहे. काटोविट्सेच्या बाजारात तो भोक पडलेला सदरा भोकावर हात ठेवून विकतो आणि मग दोघे चटकन तेथून निघून जातात. स्तारिये दोरोगीच्या मुक्कामात तो मासे विकण्याआधी पिचकारीने त्यांत पाणी भरून ते फुगवतो. मोर्दो नाहुमचा व्यापार थंड आणि कोरडा आहे, त्यात नफ्याखेरीज काही नाही. चेझारेचा व्यापार म्हणजे अभिनय, गप्पा, डोळा मारणे. लेवी या दोघांची तुलना करतात आणि त्यांचा कौल स्पष्टपणे चेझारेच्या बाजूने पडतो. ग्रीक एकटा आणि सदैव लढाईच्या पवित्र्यात, तर चेझारे जगाशी सख्य करून असलेला.

या ठिकाणी लेवींशी मतभेद नोंदवणे आवश्यक आहे. ग्रीक कठोर असला तरी पुस्तकात तो भागीदाराला फसवताना दिसत नाही. चेझारे मात्र गिऱ्हाइकाला फसवतो आणि हसतो. भोक पडलेला सदरा घेणारा पोलिश माणूस कोण होता, त्याने त्या सदऱ्यासाठी काय दिले, घरी गेल्यावर त्याला काय वाटले, हे लेवी सांगत नाहीत. पाच-सहा वर्षे युद्धाने पिळून निघालेल्या गावातला तो माणूस होता. कथनाचा सारा प्रकाश विकणाऱ्यावर आहे, घेणारा अंधारात आहे. परक्यावरचा विश्वास कसा निर्माण होतो याचे इतके सूक्ष्म भान असलेला लेखक, तो कसा मोडतो हे सांगताना मात्र विनोदाच्या आश्रयाला जातो. पुढच्या परक्या विक्रेत्याकडे तो गिऱ्हाईक कोणत्या नजरेने पाहील, हा प्रश्न पुस्तकाबाहेर राहतो.

अर्थात लेवींनी स्वतःच एक उतारा दिला आहे. माशांच्या धंद्याला निघालेला चेझारे एकदा रिकाम्या हाताने आणि पैशांवाचून परततो. तो संतापलेला आहे, काय झाले ते सांगायला तयार नाही. शेवटी कळते की एका खोपटात उपाशी मुलांसह राहणारी बाई त्याला दिसली आणि त्याने मासे तिला देऊन टाकले. फसवणुकीची ज्याला लाज नव्हती, त्याला दानाची लाज वाटते! ही नोंद चेझारेच्या स्वभावचित्रणातील सर्वांत खोल रेघ आहे, आणि सदऱ्याच्या प्रसंगात जे गहाळ होते ते येथे येते : समोरच्या माणसाचा चेहरा. चेहरा दिसला आणि व्यापार थांबला. बाजारात चेझारे गिऱ्हाइकाचा चेहरा पाहतच होता, पण तो भाव ठरवण्यासाठी.

जिथे देवघेव नाही

मोर्दो नाहुम पुढे स्लुत्स्कमध्ये पुन्हा भेटतो. आता त्याच्या देखरेखीखाली काही स्त्रिया आहेत आणि त्यांच्या देहांवर त्याचा धंदा चालला आहे. तो लेवींना मायेने विचारपूस करतो, काही हवे का म्हणतो, आणि देऊ केलेल्या गोष्टींत स्त्रीही असते. लेवी हा प्रसंग जुन्या धन्याच्या भेटीच्या आनंदात सांगून मोकळे होतात. ज्या लेखकाने माणसाची वस्तू होण्याच्या प्रक्रियेवर विसाव्या शतकातील सर्वांत निर्णायक साक्ष दिली, त्याच्या पुस्तकात या स्त्रियांना एकही वाक्य नाही. युद्ध कायम आहे या सिद्धांताचे टोक येथे दिसते. जोडे, मग अन्न, मग विकता येईल ते सर्व. लेवींना ग्रीकाच्या तत्त्वज्ञानाशी झगडा हवा होता, आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा त्यांच्यासमोर उभा होता. तो त्यांनी वापरला नाही. हे पुस्तकाचे खरे वैगुण्य मानावे लागेल. चेझारेच्या सदऱ्याहून ते कितीतरी गंभीर आहे.

झ्मेरिंकाजवळचा पावाचा प्रसंग मात्र लेवी पूर्ण तीव्रतेने लिहितात. मागे टाकून दिलेले डझनभर जर्मन युद्धकैदी भाकरी मागायला येतात. ज्याने आपले आप्त गमावले आहेत असा दानिएले पाव जमिनीवर ठेवतो आणि त्यांनी रांगत येऊन तो घ्यावा असे सांगतो. ते मुकाट्याने रांगत येतात. येथे पाव दिला गेला, पण ती भेट नाही आणि मोबदला घेतला गेला, पण तो व्यापार नाही. छावणीतील पाव हे चलन होते, येथे तो शिक्षेचे साधन झाला. लेवी दानिएलेला दोष देत नाहीत, त्याची बाजूही घेत नाहीत. घडले ते सांगून कथन पुढे जाते, आणि वाचकाला पुढे जाणे कठीण होते.

‘त्रेगुआ’ या शब्दाचा अर्थ तह नव्हे, तात्पुरता युद्धविराम. पुस्तकाच्या शेवटी घरी परतलेल्या लेवींना पडणाऱ्या स्वप्नात छावणीतील पहाटेची उठण्याची आज्ञा ऐकू येते आणि सारा भोवताल विरून जातो. ग्रीकाने हरलेला वाद येथे जिंकला, असे काही वाचकांना वाटते. परंतु लेवींच्या लेखनात ग्रीकाला दिलेले दुसरे एक उत्तर आहे आणि ते ‘ला त्रेगुआ’मध्ये नाही. ते लोरेन्झोच्या कथेत आहे.

लोरेन्झो हा फोस्सानोचा गवंडी, मोनोविट्झच्या परिसरात काम करणारा इटालियन मजूर. सहा महिने त्याने रोज लेवींना आपल्या वाटणीतले सूप आणि पाव आणून दिला, आणि लेवींच्याच म्हणण्यानुसार ते त्यामुळे जगले. ‘लिलित’ (१९८१) या संग्रहातील त्याच्यावरील कथेत एक तपशील येतो. लेवींनी या अन्नाचा मोबदला देऊ केला, घरच्यांकडून पैसे पोहोचवण्याची तयारी दाखवली. लोरेन्झोने ते नाकारले. पण नाकारल्याने समोरच्याचा अपमान होईल हे जाणून त्याने वेगळे काही स्वीकारले. त्याचे कातडी जोडे फाटले होते आणि लेवींच्या छावणीतील चांभाराकडे ते फुकट शिवून मिळण्यासारखे होते. दोघांनी जोडे बदलले. काही दिवस तो गवंडी लेवींचे लाकडी जोडे घालून कामावर गेला, आणि दुरुस्त झालेले त्याचे जोडे लेवींनी त्याला परत केले.